कडेवर नेमकं कोण होतं

बारामती,
मंगळवार, दुपार

तीर्थरूप मानसिंगआबा यांच्या चरणी पुतणी राजलक्ष्मी हिचा नमस्कार.

आम्ही इकडे सगळे बरे आहोत. तुमच्या गुडघ्याचं कसं आहे? मागच्या वेळी आणून दिलेलं तेल लावता का, की बाटली अजून देवळीत तशीच उभी आहे? मीठ कमी करायला सांगितलंय ते पाळता ना? मुऱ्हा म्हैस गाभण होती, ती व्याली का, आणि रेडी झाली की रेडा? (ही सगळी चौकशी मनापासून केलेली आहे. पुढे पत्रात माझं एक काम आहे, पण त्या कामापोटी चौकशी केली असं कृपा करून समजू नका. काम नसतं तरी चौकशी केली असती. पत्र मात्र लिहिलं नसतं, हेही प्रामाणिकपणे सांगितलं पाहिजे.)

बारामतीहून अंथुर्ण्याला यायला असा कितीसा वेळ लागतो, आणि फोन तर हातातच आहे, मग ही पत्र का लिहीत बसली असं तुमच्या मनात येईल. फोन मी करून पाहिला. तुम्ही फोन उचलला की तो स्पीकरवर टाकता आणि बाजेवर ठेवता. मग मी तुमच्याशी बोलते, माझ्याशी धाकट्या वहिनी बोलतात, वहिनींशी शेजारची सारजाआत्या बोलते, आणि तुम्ही मधूनमधून नुसतं हुंकार देता. तो हुंकार माझ्या प्रश्नाला होता, वहिनींच्या की म्हशीच्या, हे मला फोन ठेवल्यावर ठरवता येत नाही. म्हणून पत्र. पत्र स्पीकरवर टाकता येत नाही. (कुणाकडून मोठ्याने वाचून घेऊ नका, एवढी विनंती. चष्मा लावून स्वतः वाचा. अक्षर मुद्दाम मोठं काढते आहे.)

तर झालं असं, की उन्हाळ्यापासून मी एका लेखनवर्गाला जाते. इथल्या एका वाचनालयाच्या वरच्या खोलीत दर रविवारी सकाळी तो भरतो. शिकवतात सितारा मॅडम. त्या कॉलेजात मराठी शिकवून निवृत्त झाल्या आणि आता आमच्यासारख्यांना आठवणीवरून छोटे लेख लिहायला शिकवतात. पानभराचाच लेख, पण तो आठवणीतून आलेला हवा. मला रोजनिशी लिहायची सवय आहे हे तुम्हाला माहीत आहे. कॉलेजात असल्यापासून मी एकही दिवस चुकवलेला नाही (आजारपणातले दिवस मागाहून भरले, ते धरायचे की नाही हा प्रश्न वेगळा), त्यामुळे मला वाटलं की हे आपल्याला सोपं जाईल. पहिल्याच दिवशी मॅडम म्हणाल्या, रोजनिशी घरी ठेवायची. त्यात असतं ते झालेलं असतं, आपल्याला आठवलेलं हवंय. हा फरक मला त्या दिवशी कळला नाही. अजूनही नीटसा कळलेला नाही. पण सगळ्यांनी माना डोलावल्या म्हणून मीही डोलावली, आणि घरी येऊन रोजनिशीत लिहिलं, ‘फरक कळला नाही.’

पहिला लेख मी शाळेच्या सहलीवर लिहिला. मॅडमनी तो वाचून विचारलं, यात इतके ‘बहुधा’ कशाला? मी म्हटलं, मला नक्की आठवत नाही म्हणून. त्यांनी सगळे ‘बहुधा’ काढले. मग ‘माझ्या समजुतीप्रमाणे’ काढलं. शेवटी ‘चूकभूल द्यावी घ्यावी’ असं होतं, तेही काढलं. लेख निम्मा उरला आणि वाचायला बरा झाला, पण मला तो कोर्टात शपथ घेऊन खोटं बोलल्यासारखा वाटायला लागला. माझ्या शेजारी बसणाऱ्या मोनाला अशी अडचण येत नाही. तिच्या आठवणीत सगळ्याला वास असतो. आजोबांच्या टोपीला वास, दुपारला वास, एकदा तर तिने चौथीच्या निकालाला कापराचा वास आणला होता. तो लेख सगळ्यांना फार आवडला. मी घरी येऊन माझ्या चौथीच्या निकालाचा वास आठवून पाहिला. बराच वेळ डोळे मिटून बसल्यावर तळणीचा वास आला, पण तो शेजारी भजी चालली होती त्याचा होता.

मग मॅडमनी विषय दिला: आपल्या माणसाची एकच आठवण लिहायची. कुणाकडून ऐकलेली नको, फोटोत पाहिलेली नको. मी आई घेतली. (ती गेली तेव्हा मी दुसरीत होते हे तुम्हाला सांगायला नको, पण लेखात मॅडमसाठी लिहावं लागलं.) आता आबा, आईच्या माझ्याकडे पुष्कळ आठवणी आहेत असं मी इतके दिवस समजत होते. एकेक काढून उजेडात धरायला लागले तर बहुतेक सगळ्या आपल्या काकींनी सांगितलेल्या निघाल्या. काही फोटोतल्या निघाल्या. त्यांत आई हलतच नाही. तांदूळ निवडावेत तसं सगळं निवडून बाजूला सारल्यावर ताटात एकच उरली, ती वजनकाट्यावरची. तुम्ही तिथे होतात, तरीही मी सगळं लिहिते, कारण मला दिसतं ते तुम्हाला तसंच दिसतं का हे ताडून पाहायचं आहे.

दिवाळी होऊन गेलेली. पिंपळीच्या पाहुण्यांकडे कडबा उतरवून आपण बैलगाडीतून परत येत होतो. रस्त्याकडेच्या काट्यावर रिकाम्या गाडीचं वजन करायचं राहिलं होतं. काटेवाले बिरूतात्या म्हणाले, माणसं उतरवा, रिकाम्या गाडीत माणसं धरत न्हाईत. आम्ही उतरलो. वजन झालं, तुम्ही बैल पुढे काढले, आणि आम्ही पोरं त्या लोखंडी फळीवर चढून नाचायला लागलो. आई आम्हाला ओढून न्यायला आली. तिच्या कडेवर एक पोर होतंच. बिरूतात्या खिडकीतून म्हणाले, “थांबा वैनी, तुमचंबी वजन करतो.” केलं. मग म्हणाले, “आता कडंवरचं खाली ठेवा.” ठेवलं. काट्याची दांडी हलली नाही. “घ्या परत.” घेतलं, तरी दांडी तिथेच. बिरूतात्या म्हणाले, “काट्याला हे दिसतच न्हाय.” आणि आई म्हणाली, “त्याला दिसत नसंल, पण माझा हात बधिर झालाय त्याचं काय?” आणि ती हसायला लागली. अशी हसली, की तिचा खांदा वरखाली व्हायला लागला आणि त्यावर टेकलेली माझी हनुवटी आपटायला लागली. दात दातांवर वाजले ते मला अजून जाणवतात. बस, एवढंच आहे. आईचा चेहरा त्यात नाही, कारण मी तिच्या खांद्यावरून मागे पाहत होते. मागे एक बाभळ होती.

कडेवरची ती मी, असं मी लेखात लिहिलं, एकही ‘बहुधा’ न घालता. मॅडम म्हणाल्या, आता तुला जमायला लागलं. येत्या रविवारी वर्ग संपतो, त्या दिवशी घरच्यांना बोलावून प्रत्येकाने आपला लेख वाचायचा आहे. त्यात मॅडमचा एक नियम आहे. वाचण्याआधी उभं राहून सगळ्यांसमोर ‘हे माझ्या बाबतीत घडलं’ असं म्हणायचं आणि मगच कागद उघडायचा. लहानसं वाक्य आहे. मला वाटलं, म्हणू.

लेख आधी घरी वाचून दाखवला, ही माझी चूक. तुमचे जावई दीपकराव मूळचे इंदापूरचे. लग्नाआधी त्यांनी अंथुर्णं बसच्या खिडकीतूनसुद्धा पाहिलेलं नव्हतं. ते सगळं ऐकून म्हणाले, छान झालाय, पण बिरूतात्यांच्या खोलीचं दार हिरवं होतं, ते घालायचं राहिलं. मी विचारलं, तुम्हाला काय माहीत? तर म्हणाले, डोळ्यासमोर आहे माझ्या. लग्नानंतर मी ही गोष्ट त्यांना इतक्यांदा सांगितली, की आता ते स्वतःच तिथे कुठेतरी उभे असतात. कुठे उभे आहात असं विचारलं तर जराही विचार न करता म्हणाले, बैलांपाशी. (दार हिरवं होतं का, हे तुम्हाला वेगळं विचारते आहे. होतं, असं मलाही आता वाटायला लागलं आहे, आणि हे चांगलं लक्षण नाही.)

मग फोनवर छकुलीला वाचून दाखवला. धाकटी बहीण म्हणून तिचा हक्कच होता. तिने लेख शेवटपर्यंत ऐकून घेतला. मग म्हणाली, “ताई, कडेवर मी होते.” मी म्हटलं, छकुले, तू जन्मली नव्हतीस. ती म्हणाली, मग मला आईच्या पातळाचा काठ कसा आठवतो? मोरपंखी पातळ, काठाचा एक धागा निघालेला, आणि मी तो ओढत होते. मला तो काठ आठवत नाही. मी वर्षं जुळवून पाहिली, छकुली त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात झाली. तसं तिला सांगितलं, तर म्हणाली, “मग पोटात असेन. म्हणजे काट्यावर होतेच की.” आई गेली तेव्हा तिला नीट बोलताही येत नव्हतं, तिच्याकडे आईचं काहीच नाही, म्हणून मी वाद वाढवला नाही. पण मला धास्ती बसली ती वेगळीच. न जन्मलेल्या माणसाला जर काठाचा धागासुद्धा आठवत असेल, तर माझ्या हनुवटीवर कुणी का विश्वास ठेवावा? मीच का ठेवावा?

दुसऱ्या दिवशी तुमच्या रणजितचा वालचंदनगरहून फोन आला. छकुलीने त्याला लगेच कळवलं असणार. म्हणाला, “राजी, तू लेख लिही, काय पायजे ते लिही, पण कडंवर मी होतो. माझी जीभ चावली होती. रक्त आलतं. काकीनं पदरानं पुसलं.” मी विचारलं, माझ्या आईचा खांदा हलला म्हणून चावली? म्हणाला, “तर काय.” म्हणजे बघा, खांदा त्याच्याकडेही आहे.

आता रणजित मुलगा आणि मी मुलगी, तेव्हा कडेवर कोण होतं हे ठरवणं सोपं असायला हवं होतं. पण दर दिवाळीला एकाच ताग्यातून घरातल्या सगळ्या पोरांचे कपडे शिवायची पद्धत तुमचीच (एकाला चांगलं, दुसऱ्याला हलकं असं नको म्हणून, हे कारण मला आजही पटतं). त्या वर्षीचं कापड निळं, पांढऱ्या टिकल्यांचं. मुलांना गुडघ्यापर्यंतचे शर्ट, मुलींना तसलेच फ्रॉक, उरलेल्यात उशांचे अभ्रे आणि देव्हाऱ्याचा पडदा. शिवाय उवा झाल्या म्हणून काकींनी त्या वर्षी सगळ्यांची डोकी एका दुपारी भादरून घेतली होती, मुलींचीसुद्धा. अंगणातला तेव्हाचा फोटो माझ्याकडे आहे. त्यात एकाच पोराच्या पुष्कळ प्रती काढून ओळीने मांडल्यासारखं दिसतं. मी मला त्यात कधी डावीकडून शोधते, कधी उजवीकडून, आणि दर वेळी वेगळी सापडते.

म्हणून मी अंथुर्ण्याला शिलाईवाल्या हैदरभाईंकडे जाऊन आले. (तुमच्याकडे न येताच परत फिरले, हे सारजाआत्याने सांगितलं असेलच. राग मानू नका. मुख्य साक्षीदाराला आधी भेटलं तर चौकशी एकतर्फी होईल असं मला वाटलं.) दुकान आता त्यांचा हारिस चालवतो, रेडिमेड कपड्यांचं आहे, हैदरभाई नुसते दारात खुर्ची टाकून बसतात. मी विचारलं, त्या वर्षीचं आमचं कापड आठवतं का? म्हणाले, “आठवतंय की. विटकरी. उभ्या रेघांचं.” मी फोटो दाखवला. त्यांनी चष्मा वर केला, खाली केला आणि म्हणाले, “फोटोत चूक हाय.” हारिस म्हणाला, “अब्बा, फोटोत कशी चूक असंल?” तर म्हणाले, “तू जन्माला नव्हतास, गप बस.” (हे कारण छकुलीला लागू पडलं नव्हतं, पण हारिस गप बसला.) मी निघताना ते एकदम म्हणाले, “तुजी आई मापाला कदी आली न्हाय. जुनं पोलकं पाठवायची, त्याच्यात सुपारी बांधून.” सुपारी कशाला, हे त्यांनाही ठाऊक नव्हतं. ही आठवण हैदरभाईंची आहे, माझी नाही, म्हणून त्यांच्या नावाने टिपून ठेवली. आणि मग स्कूटीवर बसताना माझ्या लक्षात आलं, की फोटो काळापांढरा आहे. टिकल्या दिसतात. पण निळं मी कुठून आणलं?

परतताना काट्यापाशी थांबले. जुना काटा राहिलेला नाही, त्याच्या जरा पुढे संगणकाचा नवा काटा झाला आहे. तिथल्या माणसाला म्हटलं, मला फक्त फळीवर उभं राहायचंय. तो म्हणाला, “गाडी नंबर?” मी म्हटलं, गाडी नाही, मीच आहे. “नंबर टाकल्याबिगर कॉम्प्युटर पुढं जात न्हाय म्याडम.” शेवटी माझ्या स्कूटीचा नंबर टाकला. मी उभी राहिले, पर्स खाली ठेवली, परत घेतली, परत ठेवली. आकडा हलला नाही. तोवर मागे उसाच्या दोन ट्रॉल्या लावलेला ट्रॅक्टर येऊन उभा राहिला होता. त्याचा ड्रायव्हर म्हणाला, “मावशी, पर्स जड झाली आसंल तर मी धरतो, पर मला जाऊ द्या.” त्याला बाजू देऊन मी खाली उतरले. काट्याला लहानसहान वजन दिसत नाही, एवढं तर सिद्ध झालं होतं. त्यावरून कडेवर कोण होतं हे सिद्ध होत नाही, हे मला उतरल्यावर सुचलं.

इकडे रणजितने घरच्या ग्रुपवर पोल टाकला. ‘काट्यावर काकीच्या कडेवर कोण होतं?’ आणि खाली तिघांची नावं. मतदान म्हटलं की आपल्याकडे माणसं ताटावरून उठून येतात. सोसायटीची निवडणूक असावी तसं वातावरण झालं. ज्यांनी तो काटा जन्मात पाहिला नाही अशा सुनांनी आणि जावयांनी मतं दिली. छकुलीने एकेकीला फोन करून प्रचार केला. रणजित पुढे निघून गेला. मला एक मत पडलं, ते माझंच होतं. पण आपल्याच बाबतीत आपणच मत देणं मला बरं दिसेना, म्हणून ते मी काढून घेतलं. माझ्या नावापुढे काही उरलं नाही. (तुमच्या जावयांनी रणजितला मत दिलं. मी नुसतं त्यांच्याकडे पाहिलं, तर म्हणाले, मी बैलांपाशी उभा होतो ना, तिथून मला रणजितच दिसतो.) आणि मग आबा, तुमचं मत आलं. तुम्ही तिघांच्याही नावापुढे बोट लावलंत.

मला आधी वाटलं, चुकून लागलं असेल. मग विचारपूस केली. तुम्ही रणजितला जेवताना सांगितलंत, “तूच व्हतास.” छकुलीला फोनवर सांगितलंत, “तूच गं.” आणि गेल्या महिन्यात मी आले होते तेव्हा माझ्या डोक्यावर हात ठेवून मलाही तेच म्हणालात, आणि मी ते ऐकून एसटीत बारामतीपर्यंत एकटीच हसत आले होते. आबा, सगळ्यांना एकाच ताग्यातलं द्यायचं ही तुमची रीत मला माहीत आहे, तिचा मला आदरही आहे. पण हे कापड नाही. एक हात होता आणि त्यावर एकच पोर होतं.

मॅडमना विचारलं. त्या म्हणाल्या, तुला आठवतंय ना, मग ते तुझं. मी विचारलं, मग रणजितला आठवतं ते रणजितचं? म्हणाल्या, हो. मग छकुलीचं? त्यावरही हो म्हणाल्या, जरा थांबून. मग मी दीपकरावांचं विचारलं, तेव्हा त्या पाणी प्यायल्या आणि त्यांनी मोनाला पुढचा लेख वाचायला सांगितलं.

मी हे सगळं थट्टेवारी नेलं असतं, आणि काही दिवस तसं केलंही. पण परवा रणजित ट्रॅक्टरचा कसलासा पार्ट घ्यायला बारामतीला आला होता, तो घरी चहाला आला. इकडचं तिकडचं बोलला, आणि मग कपाकडे बघत म्हणाला, “राजी, मला हट्ट न्हाय गं. पण काकीचं माझ्याकडं तेवढंच हाय. आमच्या आईला मला उचलायला कवा सवड व्हती?” (हे काकींची तक्रार म्हणून लिहीत नाही. घर केवढं होतं, मला माहीत आहे.) एवढं बोलून तो चहात पडलेलं बिस्किट चमच्याने काढत बसला, ते काही निघेना. मला वाटलं, म्हणावं, घे, तूच होतास. शब्द तोंडापर्यंत आले होते. पण ते देऊन टाकलं तर माझ्याकडे फोटोतली आई तेवढी राहते, आणि ती हलत नाही. न द्यावं, तर या पन्नाशीला आलेल्या माणसाला मी कुणाच्यातरी कडेवरून खाली उतरवते आहे असं वाटतं. आणि हे देणं किंवा न देणं माझ्या हातात आहे का, हेही मला कळत नाही. मी त्याला दुसरं बिस्किट दिलं. तो गेल्यावर मी आरशासमोर उभी राहून ‘हे माझ्या बाबतीत घडलं’ असं म्हणून पाहिलं. ‘माझ्या’पाशी तोंडात ‘बहुधा’ आलं. परत म्हटलं, परत तिथेच. तुमचे जावई बाहेरून म्हणाले, कुणाशी बोलतेस?

म्हणून आता तुम्हालाच विचारते. त्या दिवशी तिथे असलेलं मोठं माणूस तुम्ही एकटेच उरला आहात. माझे वडील, आपले अण्णा, त्या दिवशी इंदापूरला गेलेले होते, आणि आता तर तेही विचारण्यापलीकडे गेले. तुम्ही बैल पुढे काढल्यावर हसण्याचा आवाज ऐकून मागे वळून पाहिलं होतं, हे मला आठवतं. (आठवतं असं मी लिहिते आहे. याहून जास्त मला काही म्हणता येत नाही.) तर आबा, काय दिसलं? कुणाला बरं वाटेल, कुणाला वाईट वाटेल, याचा या एका वेळेपुरता विचार करू नका. जे दिसलं असेल ते एका ओळीत लिहून पाठवा. आठवत नसेल तर आठवत नाही असं लिहा, मी तेही मानेन. मी नसेन तर रविवारी उभी राहून सांगेन की हे रणजितच्या बाबतीत घडलं, कागद त्याच्या हातात देईन आणि खाली बसेन. एवढी हिंमत माझ्यात आहे असं मला वाटतं. मला खरं तेच हवं आहे.

घरात जे जे मोठे आहेत त्यांच्या पाया पडते, लहानांच्या पाठीवरून माझ्या वतीने हात फिरवा. तेल लावा.

तुमची,
राजलक्ष्मी

ता. क. रविवारी सकाळी तुम्हाला आणायला गाडी पाठवते. इस्त्रीचा सदरा घाला आणि पहिल्या रांगेत बसा. मी उभी राहून ते वाक्य म्हणेन तेव्हा मागून रणजित किंवा छकुली काही पुटपुटलीच, तर तुम्ही नुसतं मागे वळून “वाचू द्या तिला, तीच व्हती” असं म्हणा. तुमच्यापुढे कुणी बोलायचं नाही. पत्र लिहिण्यामागचं खरं काम हे आहे.

ता. क. दुसरा. वरचं वाचून माझी मलाच शरम वाटली. इतकी पानं खरं मागितलं आणि शेवटी साक्ष पढवून ठेवली. खोडणार होते, पण खोडलेलं तुम्ही उजेडाला धरून हमखास वाचाल, म्हणून तसंच राहू देते. येऊ नका. आलात तर मागे बसा. रणजितच्या शेजारी बसलात तर जास्त बरं, त्याला त्या दिवशी कुणीतरी शेजारी लागेल. (की मला लागेल? माहीत नाही. मध्ये कुठेतरी बसा.)

ता. क. तिसरा. आणि आबा, कडेवर मी नसेन तर उत्तर पाठवू नका. शनिवारपर्यंत काही आलं नाही, तर माझं पत्र वाटेतच कुठेतरी गहाळ झालं आणि तुमच्यापर्यंत पोहोचलंच नाही, असं मी धरून चालेन. आधी स्पीड पोस्टाने पाठवणार होते. पण त्यात पत्र कुठवर गेलं, कुणी सही करून घेतलं, हे सगळं फोनवर दिसत राहतं. म्हणून साध्या पाकिटात घालून आमच्या कोपऱ्यावरच्या लाल पेटीत टाकते आहे. ती पेटी हल्ली कुणी उघडतं का, हे मी मुद्दामच कुणाला विचारलेलं नाही.